पेटीवरून उचललेला हात

कारभारी डेर्ले मला पहिल्यांदा दिसले ते पायांकडून.

सकाळचे साडेसात वाजले होते. शिष्यवृत्तीच्या चाचण्यांचा दिवस, म्हणून किल्ल्या घेऊन वसाहतीचं सभागृह उघडायला गेले, तर दार आधीच उघडं. आत शिरून बघते तो व्यासपीठावरच्या जुन्या पियानोच्या बुडातून दोन पाय बाहेर आलेले. टाचांना भेगा, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, हालचाल काही नाही. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली.

"बाई, वरडू नका," पियानोच्या आतून आवाज आला. "जित्ता हाय मी. तेवढी ती बॅटरी द्या इकडं."

मी बॅटरी दिली. थोड्या वेळाने पायांमागून साठीचा एक काटक माणूस बाहेर आला, केसांत जाळी, हातात उंदराने कुरतडलेला लोकरीचा तुकडा. "तुमच्या बाज्यात बिऱ्हाड होतं," ते म्हणाले. "आता खाली केलंय."

आमच्या मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं. गंगापूर रोडवरच्या आमच्या वसाहतीतली चाळीसेक घरं मिळून दरवर्षी दोन शिष्यवृत्त्या देतात, एक गाण्याची आणि एक पियानोची. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी. जिला किंवा ज्याला मिळेल, त्याची दोन वर्षं नाशिकमधल्या चांगल्या गुरूकडे शिकायची सोय होते. पियानो देवळाली कॅम्पच्या एका पारशी बाईंनी सभागृहाला दिला होता. तो नुसता धूळ खात पडू नये, म्हणून पियानोचीही शिष्यवृत्ती. आमचे अध्यक्ष शामसुंदरराव गायधनी. त्यांचा एक नियम आहे आणि तो मला फार आवडतो: परीक्षक पडद्याच्या पुढे, मूल पडद्याच्या मागे. नाव, गाव, आडनाव, कपडे काही कळू द्यायचं नाही. मुलाला फक्त क्रमांक. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून मी निवृत्त झाले होते, म्हणून मुलं सांभाळायचं काम माझ्याकडे. त्यांना पाणी द्यायचं, ओळीने बसवायचं, क्रमांक आला की पडद्यामागे न्यायचं आणि गाणं होईपर्यंत तिथेच स्टुलावर बसायचं.

कारभारी सायखेड्याचे. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर कुणाच्या तरी ओळखीने ते आमचा पियानो लावायला आले. तारा पिळायची किल्ली त्यांनी स्वतः लेथवर बनवून घेतली होती. शामसुंदररावांना शंका होती. "डेर्ले, विमानं ठीक आहेत हो, पण हा पियानो आहे. जमेल ना?"

"साहेब, इमान बिघडलं तर खाली येतं," कारभारी म्हणाले. "हे बिघडलं तरी जागचं हलत नाय. लय सोपं काम."

त्याच दिवशी पेटीवर साथ करणारे गृहस्थ आलेच नाहीत. मुलं ताटकळली, परीक्षक घड्याळ बघायला लागले. कारभारींनी हात धुतले, पायजम्याला पुसले आणि म्हणाले, "गावात भजनात वाजवतो मी. चालंल का?" चालण्या-न चालण्याचा प्रश्नच नव्हता. ते पडद्यामागे पेटीवर बसले आणि मग अकरा वर्षं बसत राहिले. सकाळी पियानो, दुपारी पेटी, संध्याकाळच्या एसटीने परत.

त्यांचं वाजवणं मला कळत होतं असं मी म्हणणार नाही. पण माणसं बघायची मला सवय आहे. पेटीवाले बहुधा पट्ट्यांकडे बघतात नाहीतर शून्यात. कारभारी मुलाच्या गळ्याकडे बघत, विहिरीत बादली सोडताना दोराकडे बघावं तसे. सामसूम खोली, पुढे पडदा, पलीकडे न दिसणारी माणसं. मोठ्यांचीही बोबडी वळावी. आमच्याकडे मात्र मुलं गात. चुकली तरी पुढच्या क्षणी सावरत. "आपल्याकडची मुलं घाबरत नाहीत, त्यांची तयारी चोख असते," असं मी दरवर्षीच्या अहवालात लिहीत आले. स्वतःच्या अक्षरात.

गेल्या डिसेंबरात चौदा मुलं गाण्याला होती. क्रमांक नऊ होती दिशा, कारभारींच्या मुलाची मुलगी. सूर तिने आजोबांकडूनच घेतले होते, पुढे निफाडला एका बाईंकडे शिकली. वय सतरा पूर्ण. म्हणजे अर्ज भरायची ही शेवटची वेळ. पडद्यामागे रांगेत बसल्या बसल्या ती ओढणीचं टोक पिळत मला म्हणाली, "बाई, या वेळी नाही मिळाली तर गाणं सुट्टीपुरतंच. बाबांनी निफाडला कॉमर्सचा फॉर्म आणून ठेवलाय."

"फॉर्म तर फॉर्म. आधी पाणी पी," मी म्हटलं.

नातीच्या वेळी पेटीवर दुसरं कुणी बसवावं, असं शामसुंदरराव आदल्या आठवड्यात बोलले होते. पण दुसरं कुणी मिळालं नाही. कारभारी म्हणाले, "साहेब, काळजी करू नका. माझ्या हातून तिला एक दाणा जास्त जायचा नाय." आम्हाला सगळ्यांना ते ऐकून बरं वाटलं.

आठ मुलं गाऊन झाली. दिशा बसली. तिचा आवाज जाडसर, मोकळा आहे. चीज सुरू केली तेव्हा तबल्यावरच्या अमोलनेही मान वर करून पाहिलं. स्थायी छान झाली. अंतऱ्याच्या तोंडाशी ती आली आणि थांबली. शब्द गेला. तिच्या डोळ्यांत मला तो जाताना दिसला, फळ्यावरून ओलं फडकं फिरावं तसा.

तिने आजोबांकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हाताकडे.

आणि कारभारींनी उजवा हात पेटीवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. भाताही थांबवला. नजर खाली.

अमोल ठेका देत राहिला. एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. अमोल भुवया उंचावून कारभारींना खुणावत होता, ते त्याच्याकडे बघतच नव्हते. दिशाची नजर त्या मांडीवरच्या हातावर खिळलेली, जणू तो हात कुणी तोडून तिच्यापुढे ठेवला होता. चौथ्या आवर्तनाला तिने स्थायी परत धरली आणि कसंबसं गाणं पूर्ण केलं. मग उठून माझ्याजवळून गेली, मी पुढे केलेला पाण्याचा पेला न घेता.

मी स्टुलावर बसूनच राहिले. तो हात बाजूला झाला, तेव्हा मला कळलं की अकरा वर्षं तो काय करत होता.

क्रमांक दहा आला. आता मी फक्त त्या हाताकडे बघत होते. मुलगा अंतऱ्याशी चाचरला मात्र, कारभारींच्या बोटाने पुढच्या ओळीचा पहिला स्वर हळूच, मात्रेच्या थोडा आधी दाबला. पडद्यापलीकडे तो साथीतच मिसळून गेला असणार. मुलाच्या कानात मात्र तो बरोबर पडला आणि त्याच्यामागून शब्द आला. क्रमांक अकरा, रुद्र नावाचा गोड गळ्याचा मुलगा, दोनदा अडला, दोनदा तसाच उचलला गेला. वर्षानुवर्षं मी परीक्षेत पर्यवेक्षण केलेलं. मोज्यातल्या, वेणीतल्या, डब्याच्या झाकणातल्या चिठ्ठ्या पकडलेल्या. आणि इथे माझ्या गुडघ्यापासून दोन हातांवर हे चाललं होतं आणि मी वर त्याचं कौतुक लिहीत होते.

चौदावं मूल झालं. परीक्षक चहाला उठले. सभागृहामागे नळावर कारभारी तोंड धूत होते, तिथे मी त्यांना गाठलं.

"कारभारीभाऊ, तुम्ही मुलांना सांगता."

"काय सांगतो?"

"पुढचा सूर. अडलं की तुम्ही बोटाने सांगता."

त्यांनी चेहरा पुसला. लपवायचं काही आहे असं त्यांच्या तोंडावर नव्हतंच, आणि मला त्यानेच जास्त धक्का बसला. "मंग?" ते म्हणाले. "गाणाऱ्याला उचलायचं नाय, तर पेटी कशाला हाय बाई? भजनात काय करतो आपण? बुवा इसरला की पेटीवाल्यानं उचलून द्यायचा."

"आणि दिशा? तिला का नाही उचललं?"

"ती घरची." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की मला आधी अर्थच लागला नाही. "मी वाढपी हाय बाई इथं. पंगतीत वाढप्याच्या घरचं माणूस शेवटी जेवतं. आधी आपल्या पोरीच्या पानात वाढलं, तर लोक काय म्हणतील? मलाच घास जायचा नाय."

मुलांना समजावून सांगण्यात माझा जन्म गेला. पण समोर मूल नव्हतं, सत्तरीचा भला माणूस होता.

"कारभारीभाऊ," मी म्हटलं, "पंगतीत सगळ्यांना मिळतं. इथे ताट एकच आहे."

"म्हणून तर सगळ्यांना सारखं वाढलं मी."

"सारखं नाही वाढलंत. जो अडला त्याला वाढलंत. जी अडलीच नाही, तिला काय मिळालं? ती चार नंबरची मुलगी, ओवी. एकदाही थांबली नाही. तिचं न थांबणं कुणाला दिसलंच नाही, कारण दिशा सोडून तुम्ही कुणालाच थांबू दिलं नाहीत."

नळ सुरूच होता. कारभारींनी तो बंद केला. मग पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला.

"हे माझ्या ध्यानातच नाय आलं," ते म्हणाले. "अकरा वर्षं. कधीच नाय आलं."

मी म्हणाले, थांबा, आजचा निकाल होऊ दे, आपण मंडळाच्या बैठकीत शांतपणे बोलू. होय, मी असं म्हणाले. जन्मभर कॉपी पकडणारी मी. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून ते सरळ सभागृहात गेले.

परीक्षक जागेवर बसले होते. शामसुंदरराव निकालाचा कागद हातात घेऊन उभे होते. गाण्याची शिष्यवृत्ती क्रमांक अकराला, हे त्यावर लिहून झालं होतं. पालक खुर्च्यांवर सरसावून बसलेले. कारभारी पडदा बाजूला करून पुढे आले. अकरा वर्षांत ते कधी पडद्याच्या पुढे आले नव्हते. कित्येकांनी तर त्यांना प्रथमच पाहिलं.

"साहेब, निकाल वाचू नका. माझं चुकलंय. मी पोरांना पेटीतून सूर दिला. ज्यांना ज्यांना लागला, त्यांना दिला. फक्त नऊ नंबरला नाय दिला."

शामसुंदरराव हातातल्या कागदाकडे बघत राहिले, मग खाली बसले, आणि खुर्ची नीट मागे नव्हती म्हणून जवळजवळ पडलेच. मग सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हणजे गेल्या वर्षीचंही खोटं का?"

"काय मंडळ चालवता हो तुम्ही! पोरांना पडद्यामागे बसवता आणि पडद्यामागे हे धंदे!"

रुद्रचे वडील उभे राहिले. तो माणूस एरवी शांत, पण मुलाच्या तोंडचा घास जात होता. "नऊ नंबर कोण आहे ते सांगा की! यांची नात आहे ती! नात पडली म्हणून आता यांना सत्य आठवलं. पुन्हा गायला लावायचंय तिला, दुसरं काय?"

हे मला सुचलंच नव्हतं. कारभारींनाही सुचलं नव्हतं, हे त्यांच्या उघड्या राहिलेल्या तोंडावरून दिसत होतं. मी दाराशी उभ्या दिशाकडे पाहिलं. ती आजोबांकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच आशा होती. पुन्हा गायची संधी. तिला ती मिळायला हवी होती; खोलीतल्या कुठल्याही मुलापेक्षा जास्त.

कारभारींनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "नऊ नंबरला पुन्हा गाऊ देऊ नका. ती पेटीशिवाय गायली, ते तिचं झालं. बाकीच्यांना गाऊ द्या, पेटीशिवाय. मी बाहेर बसतो."

दुसऱ्यांदा. एका दुपारी दुसऱ्यांदा त्यांनी तिच्यापुढचा हात काढून घेतला. मी दिशाकडे बघायचं टाळलं.

परीक्षकांतल्या पुण्याहून आलेल्या बाईंनी बराच वेळ विचार करून तेच बरोबर ठरवलं. नऊचे गुण आहेत तसे राहतील, बाकीचे तेरा जण नुसत्या तंबोऱ्यावर आणि तबल्यावर पुन्हा गातील. पेटी भिंतीला सरकवली.

मी पडद्यामागे बसले आणि ऐकलं. पुन्हा बसायला लागणं कुणाच्याही जिवावर आलं असतं, आणि आता तर हात नव्हता. रुद्र अंतऱ्यात थांबला, रडवेला झाला. दोघं मध्येच उठून गेली. एकीचा सूर असा उतरला, की अमोलने खाली मान घातली. आणि चार नंबरची ओवी, जाड चष्मा, पायात शाळेचेच बूट, आली आणि मघा गायली होती तशीच गायली. पेटी होती काय आणि नव्हती काय, तिला फरक पडला नाही. शिष्यवृत्ती तिला मिळाली. दिशा तिसरी आली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एकच विचार होता: आधीच्या दहा वर्षांत अशा किती ओव्या आमच्याकडून नुसतं प्रमाणपत्र घेऊन घरी गेल्या? दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी यादी काढून बसले. नावं होती. कोण अडलं नव्हतं, हे मात्र माझ्या लक्षात राहिलेलं नव्हतं. ते लक्षात ठेवण्यासारखं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्या दिवशी निकालानंतर मी बाहेर आले, तेव्हा एसटी निघून गेली होती. कारभारी पायरीवर बसले होते आणि दिशा दोन पायऱ्या वर उभी होती.

"तुम्ही सगळ्यांना दिलं," ती म्हणत होती. आवाज चढलेला नव्हता. "त्या चष्मेवालीला सोडून सगळ्यांना. मला नाही."

"तू माझी हायेस म्हणून, बाळा."

"मग तुमची नसते तर बरं झालं असतं, आबा."

मांडीवरचा उजवा हात कारभारींनी उलटा करून पाहिला, एखाद्या अवजाराला काय झालंय ते बघावं तसा. मी अमोलला गाडी काढायला सांगितली. तो दोघांना सायखेड्याला सोडून आला. तो मला म्हणाला, "आबा पुढे, ती मागे. चांदोरीला मी चहा विचारला, तर दोघंही एकदमच नको म्हणाले."

मंडळाच्या बैठकीत बरंच रामायण झालं. जुन्या शिष्यवृत्त्यांना हात लावायचा नाही, असं शेवटी ठरलं. ज्या मुलांना त्या मिळाल्या, त्यांचा काही दोष नव्हता. पेटी कायमची बंद झाली. अहवाल मी या वर्षी पुन्हा लिहिला आणि जुन्या दहा अहवालांतलं ते एक वाक्य मागे घेतलं. शामसुंदररावांनी वयाची अट एका वर्षाने वाढवावी असं सुचवलं. का, ते सगळ्यांना कळलं. कारभारींना कळताच त्यांनी निरोप पाठवला: "माझ्या नातीसाठी नियम हलवू नका." अट हलली नाही.

आम्हाला वाटलं, आता हा माणूस परत यायचा नाही. पियानो हळूहळू सुरातून उतरायला लागला. तो ऐकून शामसुंदररावांचं तोंड आंबट होई. शेवटी मार्चमध्ये ते स्वतःच सायखेड्याला गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण पुढच्या रविवारी सकाळी सभागृहात पियानोखाली दोन पाय होते. मी या वेळी किंचाळले नाही. न विचारताच बॅटरी पुढे केली.

"बाई," आतून आवाज आला, "याला बरंय. याला मी लावून जातो, मंग वाजवील त्याचं नशीब."

गेल्या महिन्यात मी सायखेड्याला त्यांच्या घरी गेले होते. दिशा निफाडला कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. आजोबांशी बोलते, जेवायला वाढते, चष्मा सापडला नाही तर शोधून देते. सकाळी साडेपाचला उठून ती मधल्या खोलीत फोनवर तंबोरा लावून गाते. पेटी त्याच खोलीत, झाकण लावलेली असते.

कारभारी तेव्हा ओट्यावर बसतात आणि ती अडली तरी आत जात नाहीत.